मयत, स्थलांतरित, दुबार

आमच्या यादीत नाव कापायला कारणं तीनच.
माणूस गेला तर मयत,
घर सोडलं तर स्थलांतरित,
दोन ठिकाणी सापडला तर दुबार.
चौथा रकाना सरकारने अजून छापलेला नाही.

असोळणा, भाग अठरा, घर दोनशे बारा.
पाच नावं होती, चारांवर लाल रेघ,
चारही मीच ओढल्या.
मी इथला बीएलओ, मूळचा मास्तर,
मराठी शाळा, पटावर सात मुलं,
त्यामुळे मला वेळ भरपूर आहे असं तालुक्याला वाटतं.

शेवटची रेघ जेनोवेवा बार्रेटोची.
आजोबांचा जन्म लिस्बनच्या वहीत चढला
आणि नातीचं नाव माझ्या वहीतून उतरलं.
फॉर्म सातवर सही करताना तिची आई,
कोन्सेसांव बाय, म्हणाली,
"बारीक मार रे मास्तर, नाव वाचता आलं पाहिजे."
मी पट्टी ठेवूनच ओढली.
हातानं ओढलेली वाकडी रेघ मामलेदार परत पाठवतात.

आज तिकडची मतमोजणी.
इंग्लंडातलं कुठलंसं बरो,
बायला त्याचं नाव उच्चारता येत नाही
आणि मी उच्चारलं की ती हसते.
त्यांचे पहाटेचे साडेतीन, आपले आठ.
ओसरीवर अकरा माणसं आणि एक मोबाईल,
तो भिंतीला टेकवून ठेवलेला, मागे आधाराला नारळ.

बॅडमिंटनचा हॉल दिसत होता.
सगळे उमेदवार एका ओळीत, परीक्षेत पकडल्यासारखे.
अधिकाऱ्याने चष्मा सावरला, आडनावावर एकदा अडखळला,
आणि वाचलं :
बार्रेटो, एक हजार बेचाळीस.
कुएल्हो, नऊशे शहात्तर.
पुढे एका गोऱ्या म्हाताऱ्याची चारशे काहीतरी,
ती कुणी ऐकलीच नाहीत.

कारण कुएल्हो म्हणजे वेळीचा तेओतोन,
पुलापलीकडचा,
ज्याच्या काकाने चौऱ्याण्णव साली
आमचा गोल ऑफसाइड ठरवला होता.
"सहासष्टनी!" मिंगेल ओरडला,
आणि फटाक्यांची माळ घेऊन सरळ पुलावर गेला.
तिकडच्या पक्षांची नावं काय, रंग कुठले,
कुणी विचारलं नाही.
असोळण्याने वेळीला हरवलं,
समुद्रापलीकडे, थंडीत, परक्या मतपत्रिकेवर.

एक हजार बेचाळीस.
आमच्याकडे एकशे सत्तर मतांत माणूस पंच होतो
आणि लगेच गाडी बघायला लागतो.

गर्दी पांगल्यावर बाय जवळ आली.
"तिकडे नगरसेवक करतो काय?"
कचरा, म्हटलं. रस्त्यातले खड्डे. दिवे.
"म्हणजे इथलंच." तिचा चेहरा थोडा उतरला.
एवढ्यासाठी सहा हजार मैल, असं काहीतरी
ती बोलली नाही, मला ऐकू आलं.

दुपारी जेनोवेवाचा फोन.
झोप नाही, आवाज बसलेला,
आणि पहिली तक्रार आलीसुद्धा :
कुठल्याशा गल्लीत दोन दिवस दिवा बंद.
"दोन दिवस?" बाय म्हणाली, आणि हसत सुटली,
पदर नाही म्हणून गाउनच्या बाहीनं डोळे पुसत.
दोनशे बाराच्या समोरचा खांब
गेल्या गणेश चतुर्थीपासून काळा आहे.
माझे तीन अर्ज सचिवांच्या टेबलाच्या काचेखाली,
व्यवस्थित, सपाट.

संध्याकाळी चौथा लिहायला घेतला.
विषय : खांबावरील दिवा.
अर्जदाराच्या नावाखाली तिनं बोट ठेवलं,
"इथं लिही, नगरसेवकाची आई."
म्हटलं, सचिव विचारेल, कुठल्या वॉर्डातला नगरसेवक?
"मग सांग त्याला."

लिहिलं.
पुढे वॉर्ड क्रमांकाचा चौकोन होता,
पेन त्याच्यावर बराच वेळ धरून बसलो.
बाहेर अंधार पडत होता, बाय म्हणाली,
"दिसत नसेल तर बॅटरी आणू?"