आज झाडू नका

तीनशे चारच्या दारावर चिठ्ठी:
‘तोनोमुरा-सान, आज कृपया झाडू नका.’
खाली घाईची सही, चिगुसा.

आत पोरगी ओणवी,
गाल फरशीला टेकलेला,
हातात लाल दिवा, जुन्या फोटोवाल्याकडे असायचा तसला.
काय हरवलं?
स्फटिक.
केवढा?
तिने चिमूट दाखवली. चिमटीत काहीच नव्हतं.

अकरा दिवस बाटलीत, धक्का न लागू देता वाढवलेला.
भिंगाखाली ठेवला, जांभळा उजेड सोडला.
चार सेकंद गप्प बसला
आणि पाचव्याला, तव्यावरचा तीळ उडावा तसा,
गेला.
मोडला?
नाही हो, उडी मारली. तेच तर हवं होतं!

मला कळेना.
एकतीस वर्षं इथल्या खिडक्या पुसतेय,
काचेवर रोज ऊन पडतं,
एक डागसुद्धा जागचा हलत नाही.
ती म्हणाली, आत सगळे दाटीवाटीनं बसलेत,
तोंडं एकाच दिशेला.
उजेड एकेकाची मान वळवतो,
वळताना खांदा शेजाऱ्याला लागतो,
कुणी ब्र काढत नाही,
साठत जातं, साठत जातं,
मग सगळे एकदम.

माझा नवरा शिंजी तळ्यात तिसऱ्या काढायचा.
बादलीवर त्याची सावली पडली
की सगळ्या तोंड मिटून घ्यायच्या.
म्हणायचा, बघ, यांनाही मी आवडत नाही.
हे मी तिला सांगितलं नाही.

मोठा दिवा लावू?
नको! ती किंचाळलीच.
ज्या उजेडात दिसेल
त्याच उजेडात पळेल.

मग मीही गुडघे टेकले. गुडघ्यांनी कुरकुर केली.
सापडलं ते असं:
पेन्सिलीचं टोक, मेलेला डास,
स्टेपलरची पिन,
माझाच एक पांढरा केस.
इतक्या वर्षांत माझ्या सुपलीतून
काय काय गेलं असेल,
हा विचार तेव्हा आला, आणि गेला नाही.

दोन वाजता डब्यातली कॉफी प्यायलो.
ती म्हणाली, पुन्हा वाढवीन. अकरा दिवस.

घरी येऊन अंधारातच मोजे काढत होते.
डाव्याच्या घडीत बोटाला काहीतरी टोचलं.
मिठाचा कणही असेल.
हात बटणापर्यंत गेला होता,
तो मागे घेतला.
चाचपडत चहाचा रिकामा डबा काढला,
मोजा तसाच आत,
झाकण घट्ट.