सशर्त

अर्जावर गुजराती शब्द आहे, धोवाण.
मराठीत आपण धूप म्हणतो,
आणि आईला अजून वाटतं
मी कॉर्पोरेशनात उदबत्त्यांचं काहीतरी बघते.
‘कसली धूप रोखतेस गं,’ म्हणते, ‘जळू दे की.’

फाइल एकशे सदतीस.
वडसरच्या पुढे, कोतराच्या काठावर
बेचाळीस बंगले, एक क्लबहाउस
आणि मातीचा एक ढीग,
ज्याला नकाशात जागा नाही.
उंची मोजली: मी, माझ्यावर पुन्हा मी, वर एक टोपली.

परिमलभाई अमीन हसून म्हणाले,
‘ताई, सही तेवढी करा ने. सगळं लावलंय.’
लावलं होतं. हिरवं कापड, बांबूच्या खुंट्यांना.
खालून बुटाच्या टोकानं उचललं,
तर परकरासारखं वर आलं.
वीतभर तरी पुरायचं असतं ते जमिनीत.
गाळासाठी खणलेल्या कुंडात
दोन कुत्री झोपली होती, कोरडी, निवांत.

मागच्या खेपेला इथली मूठभर माती
पाण्याच्या बाटलीत घालून, हलवून
टेबलावर ठेवली होती.
रेती झाकण लावेपर्यंत बसली.
तिच्याहून बारीक होती ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत.
उरलेली तीन दिवस झाले, चहासारखी.
दळवीकाका येता-जाता विचारतात,
‘बसला का?’
मी म्हणते, ‘उभाच आहे.’

तेवढ्यात टँकरचा पाइप निसटला.
पाच मिनिटं, फार तर सहा.
नकाशातला बाण पूर्वेकडे, कुंडाकडे.
पाणी ढिगाच्या पायथ्याशी जरा थांबलं,
पत्ता विचारावा तसं,
आणि पश्चिमेला वळलं,
मजुरांच्या झोपड्यांकडे,
झोपड्यांमागून सरळ कोतरात.
खाली विश्वामित्रीत काहीतरी हललं.
मगर असेल, ओंडका असेल.
बडोद्यात आम्ही जवळ जाऊन खात्री करत नाही.

‘बेन, आम नहीं, तेम,’ म्हणाली एक जण,
आणि मला झोपडीमागे घेऊन गेली.
सुमली राठवा, गाव कवांट.
तिथे चर होता, हातभर रुंद,
कडेला विटांचे तुकडे,
मध्ये मध्ये सिमेंटच्या गोण्या, दुमडून, दगडाखाली दाबून.
प्रत्येक गोणीमागे गाळ अडलेला,
थरावर थर:
आजच्या टँकरचा, परवाच्या टँकरचा,
त्याखाली कधीचा तरी, तडकलेला.
शेवटच्या गोणीपुढचं पाणी
जवळजवळ पाण्याच्या रंगाचं.

‘कोणी शिकवलं?’
तिला प्रश्नच कळला नाही.
‘चूल विझायची,’ म्हणाली.

परिमलभाई फोनवर होते.
जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला,
पूर्वेचा बाण खोडला,
लाल पेन्सिलीनं तिचा चर काढला,
गोण्यांसकट, मोजून, अकरा.
अटी लिहिल्या. ढीग हलवा, नाहीतर झाका.
कापड पुरा. कुंड पश्चिमेला खणा.
चर बुजवू नये.
ही शेवटची अट दोनदा लिहिली गेली.

‘आराखडा तयार करणार’ या रकान्यात
आर्किटेक्टचा शिक्का आधीच होता,
शेजारी बोटभर कोरं.
मी ‘सु’ लिहिलं,
आणि थांबले.
नाव कागदावर आलं, की कोणीतरी वाचणार;
वाचलं, की विचारणार, ही झोपडी इथे कशी;
आणि अट पाळायला सोपी व्हावी म्हणून
आधी तीच हलवणार.
शाळेत गाळलेल्या जागा भरायचे पैकीच्या पैकी मार्क मिळायचे मला.
ही मी गाळली.
‘सु’चं काय करायचं ते सुचेना,
पुढे ‘चना’ जोडून दोन टिंबं दिली.

खाली सही. वर शिक्का: सशर्त मंजूर.

ऑफिसात परतले तर बाटली रिकामी,
खिडकीतल्या तुळशीची कुंडी ओली.
‘बसला होता हो,’ दळवीकाका म्हणाले,
‘म्हणून ओतला.’
बाटली धुवायला घेतली.
तळाच्या खाचेत अजून होता थोडा,
बोट पोचत नाही तिथे.