बरोबरी चालली असती

बरोबरी चालली असती.
सपकाळे मास्तर एवढंच सांगत होता,
लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर आकडे मांडून:
आपण बरोबरीत सुटलो, आणि तिकडं दुसऱ्या सामन्यात
कुणी कुणाला तीनहून जास्त मारले नाहीत,
तर आपण पुढच्या फेरीत.
गणित सोपं होतं भो.

भुसावळ, जूनचा पहिला आठवडा, रात्रीचे साडेनऊ.
इन्स्टिट्यूटच्या भिंती अजून दुपार सोडत होत्या.
टीव्हीच्या कपाटाची किल्ली बऱ्हाटेकडे,
आणि बऱ्हाटे कॅरमवरून उठायला तयार नाही,
क्वीन त्याच्या नेमावर होती म्हणे.
शेवटी इलियास पिंजारीनं क्वीनच खिशात घातली
तेव्हा कुठं कुलूप उघडलं.

समोर एक बेटाचा देश.
मास्तरनं नकाशात दाखवायला बोट ठेवलं,
तर देश नखाखाली गेला.
माणसं आमच्या तालुक्याहून कमी.
त्यांचा नऊ नंबर दिवसा बँकेत बसतो, कुणीतरी म्हणालं,
आणि सगळे हसले.
मी पण हसलो.
मी, पॉइंट्समन, भुसावळ यार्ड,
रात्री काटे बदलायचो
आणि रविवारी डिव्हिजनचा गोलकीपर.
हसताना ते आठवलं नाही.

पूर्वार्धात आपली पोरं बरी खेळली.
चेंडू पायात ठेवत होती,
म्हणजे पुढं काय करायचं ते ठरत नव्हतं.
मध्यंतरात केळ्याचे वेफर,
कूलरला एक बादली पाणी.
मास्तर सारखा घड्याळाकडं बघायचा,
फलाटावर पाहुण्याला सोडायला आलेला माणूस बघतो तसा.

सत्त्याऐंशीवं मिनिट.
अंगावर कुणी आलेलं नव्हतं.
आपल्याच बॅकनं चेंडू मागं दिला,
हळू, शेजारी साखरेची वाटी द्यावी तसा,
आणि मधे तो बँकवाला.

हॉलमध्ये कुणी ओरडलं नाही.
पंख्याचा आवाज तेवढा मोठा झाला.
"जाऊ दे ना बाप्पा," बऱ्हाटे म्हणाला,
आणि कॅरमकडं जाऊन क्वीन शोधू लागला.

मी आपल्या गोलकीपरकडं बघत होतो.
कॅमेरा त्यांच्या नाचणाऱ्या पोरांवर,
हा एका कडेला, अर्धा कापलेला, वाकून,
जाळीतून चेंडू काढत होता.
अडकला होता. दोनदा ओढावा लागला.

झेप शिकवतात, मुठीनं मारणं शिकवतात,
हे कुणी शिकवत नाही.
सोलापूर डिव्हिजनसमोर एका दुपारी
मी चार वेळा वाकलो.
बायको बाकावर, शेजारी सासरा.
घरी येईपर्यंत सासरा एकच वाक्य बोलला:
"ऊन फार होतं."

सकाळी सहाला मैदानावर गेलो.
रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पाय ऐकत नाहीत.
सरूबाई भोई गोलपोस्टाखाली बसून
जाळी सांधत होती. तापीवरचाच दोरा, तीच गाठ.
"रातची मॅच पाह्यली का?"
"कोन जिकलं?"
"ते."
तिनं दोरा दातानं तोडला.
"मांगच्या जाळीचे तीनशे बाकी आहे, भाऊ."

मग इलियासची अल्फिया आली,
बापाचे ग्लोव्ह्ज मनगटाला सुतळीनं बांधून.
तिला गोलात उभी केली
आणि चेंडू मुद्दाम तिच्या हाताबाहेरून मारला.
"काढ."
तिनं काढला.
परत मारला.
"काका, हे काय?"
"सराव."
तिसऱ्यांदा तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.
चौथ्यांदा जाळीत हात घातला,
अंगठा अडकला तो सोडवला, घाई न करता,
आणि चेंडू असा भिरकावला
की मैदान, कुंपण ओलांडून
पार मालधक्क्याच्या रस्त्यावर गेला,
आणि आणायला
मला जावं लागलं.