हजेरी

सातवी ब,
पत्र समीनानं वाचावं, मोठ्यानं, घाई न करता.
मागच्या बाकांवरच्यांनी पुढे सरकावं.

बुलेट ट्रेनचं आधी सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल:
बसले. वेग पोटाला कळत नाही.
पेल्यातलं पाणी हलत नाही, खांब तेवढे पळतात.
आणि फुजी तीन दिवस ढगात होता.
भूगोलाच्या पुस्तकात आहे, तिथेच बघा.

मला सांगायचंय ते एका बेटाबद्दल.
बोट दिवसातून दोनदा येते,
उरलेल्या वेळात बेट आपलं आपलं असतं.
उतरणीवर संत्र्यांच्या बागा,
वाटेत एका फळीवर संत्र्यांच्या पिशव्या, शेजारी पैशांचा डबा,
विकणारं कोणी नाही.
(हो रे मच्छिंद्र, टाकले मी पैसे. शंभर येन.)

शाळा दुमजली. घड्याळ बरोबर.
बूट ठेवायचे खण एकशे वीस,
भरलेले दोन:
सहावीतली सायो, दुसरीतला इत्सुकी.
घंटा तरीही होते.
जेवण झालं की दोघं ओलं फडकं घेऊन
अख्खा व्हरांडा पुसतात, ओणवी होऊन, पळत, शर्यत लावून.
दोघांतच शर्यत, त्यामुळे दुसरा नंबर तोच शेवटचा.

मार्चमध्ये शाळा बंद होणार.
ओगिनो सरांनी हे सांगितलं खडूचे हात झटकत,
मी जसं सांगते, उद्या चित्रकलेचा तास नाही.

सायोनं विचारलं, तुमच्याकडे मुलं किती?
बावन्न, मी म्हटलं.
पूर्ण शाळेत?
एका वर्गात.
ती उठून बाहेर गेली.
मला वाटलं, माझं काही चुकलं.

मग जिन्यावर खडखडाट.
कोठीतून ती खुर्ची आणत होती.
मग आणखी एक.
इत्सुकी एक पाय धरून फरफटत आणायचा,
मग सरही उठले,
मग मीही, ओढणी खोचून.
छत्तिसाव्या खुर्चीला वर्ग भरला.
म्हटलं, पुरे. आमच्यातले काही जण तसेही
एका जागेवर दोघं बसतात.

आता हजेरी घ्या, दोघांनी हट्ट धरला.
तुमची हजेरी पाठ आहे मला.
अवघडे तुळसा, मी म्हटलं,
आणि सायो ताठ उभी राहिली:
हाय!

पोरांनो, जपानीत 'हो'ला हाय म्हणतात.
दुकानात, फोनवर, दवाखान्यात, स्टेशनवर,
सगळा देश हाय म्हणतो, वर वाकून म्हणतो.

आणि जूनमध्ये, बिभीषण,
मी तुला पूर्ण तास उभं केलं होतं.
'हाय बाई' नाही, 'हजर बाई' म्हण.
घरची भाषा घरी ठेवून येत जा.
तू मान खाली घातलीस.
त्यानंतर तुझा आवाज मी हजेरीत ऐकलाच नाही,
नुसता हात वर व्हायचा, तोही कोपरापर्यंत.

लोखंडे बिभीषण. सदतिसावं नाव.
छत्तीस खुर्च्या संपल्या होत्या.
मी नाव घेतलं आणि थांबले. समुद्राचा वारा घशात जातो इथे.
इत्सुकी स्वतःच्या खुर्चीवर चढला,
पुढचे दोन दात पडलेत त्याचे,
ती खुर्ची तुझी समजून
तावदानं हलतील असा ओरडला:
हाय!

पाच वाजता गावाच्या भोंग्यावर एक धून वाजते.
म्हणजे मुलांनी घरी जायचं.
दोघं गेली.
मी खुर्च्या उचलायला लागले, तर ओगिनो सरांनी हात आडवा केला.
राहू द्या, म्हणाले. मार्चपर्यंत.

सायो रोज त्यांच्यावरून फडकं फिरवणार आहे.
तेव्हा शाई सांडू नका.

मी सोमवारी येते. प्रयोगवह्या पूर्ण हव्यात.
हजेरी पहिल्याच तासाला होईल.
बिभीषण, मोठ्यानं.