पाचाचा आकडा

मुल्कियावर लिहिलंय: एफ, साल एकाहत्तर.
ब्लॉकच्या कुशीवरचा रंग मी आधी केरोसीनने,
मग पात्याने, मग नुसत्या अंगठ्याने खरवडला
तेव्हा वर आलं: टू-एफ.
कागदावर एक गोत्र, बॉनेटखाली दुसरं.

मौझा डॉक्टर ओणवी होऊन बघत होती.
दातांची डॉक्टर. इब्रीच्या दवाखान्यातून थेट सनैयात आलेली,
गळ्यात अजून मास्क.
"म्हणजे बाबांचं नाही?"
बाबा म्हणजे सालिम बिन हुमैद,
याच लँड क्रूझरमधून खजूर न्यायचे, बकऱ्या न्यायचे,
आणि रस्ता नव्हता तेव्हा, वादीच्या गोट्यांतून,
नववा महिना लागलेली तिची आई.
तिला तेव्हाचीच गाडी हवी, तेव्हाच्याच पोटाची.
बरकाच्या भंगारात एक जुनं एफ आहे, मी म्हटलं,
पण आधी हे उघडून तर बघू.

हेड सुटायला चार दिवस गेले.
आत रेती नव्हती, रेतीचं पीठ होतं,
बोटांच्या रेषांत बसलं की साबणाला दाद देत नाही.
पिस्टनच्या माथ्यावर पन्नासचा शिक्का:
कुणीतरी एकदा बोअर केलंय.
सहाव्याचा रॉड जरा वाकलेला.
तसाच चालत होता बिचारा, कुरकुरत.

मग सम्प काढला, आणि उताणा झोपून
मी रॉडच्या कॅपा फडक्याने पुसू लागलो.
कॅपांची अदलाबदल इंजिन खपवून घेत नाही,
म्हणून प्रत्येकीवर आकडा ठोकतात.
इथेही ठोकला होता, बारीक छिन्नीने.
१
२
पाचाशी हात थांबला.

शफीकुलला दाखवला. त्याच्या बंगालीत पाच निराळा.
लेथवाला उस्ताद हसला, आपला नाही म्हणाला.
वेल्डर तर छपऱ्याचा,
त्यानेही मान हलवली: आमचे मास्तर असा काढत नव्हते.
आमचे काढायचे.
पाटीवर, ओल्या बोळ्याने पुसून पुन्हा, पुन्हा.

कोण असेल? बिलावर त्याने इंग्रजी आकडेच मांडले असतील,
फळीवर अरबी.
पण इथे आत, जिथे तेलाशिवाय कुणी जाणार नाही,
तिथे त्याचा हात आपल्या मुळाक्षरांना सुटला.

मौझाने आईला फोन लावला, स्पीकरवर.
म्हातारी बराच वेळ दुसऱ्याच गाडीबद्दल बोलत राहिली.
मग म्हणाली, हो, बदललं होतं की,
तू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात. एक हिंदी होता.
नाव? नाव कसलं आठवतंय.
वर्षभर मासळीशिवाय घास उतरत नसे त्याला,
आणि एक महिना शिवायचाही नाही. वेडा होता.

मी काही बोललो नाही. श्रावण
अरबीत कसा सांगायचा?

मौझा खाली वाकली, टॉर्च लावला,
दाढ बघावी तसा तो पाच बघितला.
"हेच ठेव," म्हणाली. "कागद मी बदलून आणते."

मग काम. उस्तादने बोअर आणखी पन्नासने वाढवला,
नव्या होनिंगच्या तिरक्या रेघा उन्हात चमकल्या.
रिंगांच्या फटीत फीलर गेज घालून मी श्वास रोखायचो.
क्रँक घासून आला, नवी बेअरिंगं बसली.
कॅपा त्याच्या आकड्यांबरहुकूम चढवल्या,
एकसारख्या जोराने, पाना टक म्हणेपर्यंत.
सहावा रॉड मात्र दुसऱ्या इंजिनातला, कोरा.
छिन्नी मी घेतली.
पहिला घाव बरा बसला, दुसऱ्याला घसरली.
माझा सहा जरा ओठंगून उभा आहे
त्याच्या पाचाच्या शेजारी.

गुरुवारी संध्याकाळी चावी मौझाने फिरवली.
एकदा नुसता खोकला. दुसऱ्यांदा निळा धूर, शफीकुल मागे पळाला.
तिसऱ्यांदा धरलं:
एक-पाच-तीन-सहा-दोन-चार,
एक-पाच-तीन-सहा-दोन-चार,
पत्र्यावरचा नट नाचत नाचत खाली पडला.

ती आईला फोनवर आवाज ऐकवत होती.
मी खाली पुठ्ठा सरकवून बघितला.
मागच्या सीलमधून एक थेंब येतोय.
शनिवारी पुन्हा खाली उतरवावं लागेल.