मागच्या काचेबद्दल

झालंच होतं तसं सगळं.
पोटाखालचा काळा रंग दोनदा देऊन वाळला होता,
चारही इंजिनांमागे खडूच्या भुकटीची काजळी
बोटाने मागे ओढली होती, वारा ओढेल तशी,
पंखांवर शिसपेन्सिलीने
कुणाचे तरी बूट घासल्याच्या खुणा.

खरं म्हणजे मला विमानांतलं काही कळत नाही.
मी हॉर्नकॅसलच्या बाजारचौकात
म्हाताऱ्यांच्या कानांची यंत्रं दुरुस्त करतो.
चिमटे, भिंग, सुईएवढे स्क्रूड्रायव्हर, न थरथरणारा हात,
एवढ्या भांडवलावर
एनिड थर्लबीबाईंनी हे लँकेस्टर माझ्यावर सोपवलं.
खोका त्यांच्या नवऱ्याचा.
त्याने पंख जोडले आणि गेला.

अक्षरं बशीतल्या कोमट पाण्यात सोडायची.
कागदावरून सुटतात ती दुधावरची साय सरकावी तशी,
मग ब्रशच्या टोकाने, श्वास रोखून, जागेवर.
पायलटच्या खिडकीखाली लावायला पिवळे बॉम्ब होते,
तांदळाच्या कणीहून लहान, एका मोहिमेला एक.
कागदावर तीस होते.
किती लावू, विचारलं.
अकरा, म्हणाल्या.
पण तुमचा भाऊ तर बाराव्या खेपेला...
"बारावा रंगवायला
विमान परत यावं लागतं, मिस्टर हेरवाडकर."

मी अकरा लावले.
अकरा रात्री, आणि दर रात्री खाली कुणीतरी
दिवे मालवून, पोरांना काखेत मारून तळघरात.
ते कुठल्या खोक्यात मिळत नाही.
हे मी मनातच म्हणालो. निदान मला तसं वाटतं.
"मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या,
आणि यंत्राचा आवाज कमी केला.

राहिला शेपटीकडचा घुमट.
लेन तिथे बसायचा, चार बंदुकांमध्ये,
बाकी सहा जणांकडे पाठ करून.
कुठे चाललोत ते त्याला दिसायचंच नाही,
मागे पडलेलं तेवढं दिसायचं.
त्या घुमटाची काच मी चार संध्याकाळी घासली होती,
आधी टूथपेस्टने, मग फरशीच्या पॉलिशमध्ये बुचकळून.
दुकानाचं घड्याळ तिच्यात वाकडं, पण वाचता येईल असं.

गुरुवारी बाई बाजाराच्या पिशवीसकट आल्या.
पिशवीत लीक आणि कुत्र्याची बिस्किटं.
विमान डोळ्यांजवळ नेलं.
"सुरेख झालीय. आता काढा ती."
काय?
"मधली काच. लेनने कापून टाकली होती.
काचेवर डाग पडला की अंधारात तो शत्रूच वाटतो, म्हणायचा.
आईला लिहिलं होतं, गारठतो, पण दिसतं.
आईने आणखी एक मफलर विणला."
ऐकू कमी येणारी माणसं हळू बोलत नाहीत.
बाहेर स्टॉप नसताना कुणीतरी थांबलेलं दिसलं.

मी नवं पातं लावलं.
अर्ध्या नखाएवढी चौकट,
दोन उभे छेद, दोन आडवे.
शेवटच्याला हात थरथरला, वीस वर्षांत पहिल्यांदा,
आणि तुकडा उडाला कुठेतरी.
जमिनीवर शोधायला वाकलो तर
"राहू द्या," म्हणाल्या, "त्याने तरी कुठे जपून ठेवली?"
मग त्यांनी त्या भोकात
हलकेच फुंकर घातली.
"धूळ असेल," म्हणाल्या.

शनिवारी मिस्टर पॅडिसनच्या कानाचा साचा पुसताना
तो सापडला, माझ्या स्वेटरच्या बाहीला चिकटलेला.
"काय आहे ते?" त्यांनी विचारलं.
काच, म्हणालो.
"काय?"
काच, मी मोठ्याने म्हणालो,
आणि बॅटरीच्या रिकाम्या डबीत टाकली.