वाचण्यापुरतं

शाहूपुरी तिसऱ्या गल्लीत, बेकरीच्या वरच्या मजल्यावर
आम्ही सातजण एका डेटाबेसवर जगतो.
तो असतो सिंगापुरात. मी त्याला पाहिलेला नाही.
माझ्याकडे त्याच्या किल्ल्या,
आणि जिन्यातून वर येणारा खारीचा वास.

रेहान मुल्लाणीला लागून तीनच दिवस झालेत.
म्हणतो, "मॅडम, सगळंच द्या की एकदा,
उगं रोज तुमास्नीबी तरास."
मी त्याला दोन टेबलं देते, तीही वाचण्यापुरती.
तो हसतो. पाहुण्याला उंबऱ्यावरच बसवावं
आणि पाणीही विचारू नये, तसं त्याचं तोंड होतं.

पूर्वी आमचा सगळ्यांचा एकच पासवर्ड होता,
भिंतीवरच्या कॅलेंडरमागे, पेन्सिलीनं लिहिलेला.
ऐन हंगामातल्या एका शनिवारी
कुणाच्या तरी हातून अट न घातलेली ओळ सुटली
आणि सव्वीस हजार रव्यांचं वजन झालं
दहा किलो.
प्रत्येकाचं. दहा किलो.
कुणी केलं?
नोंदीत नाव एकच : अ‍ॅडमिन.
आम्ही सातजण एकमेकांकडे बघत राहिलो.
सातहीजण तोच होतो.

दोन रात्री कागदी पावत्यांवरून आकडे पुन्हा चढवले.
तिसऱ्या सकाळी मी मार्केट यार्डात जाऊन नुसती उभी राहिले.
हमालानं रवा काट्यावर ठेवला, हात मागे घेतला.
तोलाईदारानं आकडा पुकारला,
भावाबद्दल अवाक्षर नाही.
व्यापाऱ्यानं नखानं खरवडून गूळ जिभेवर ठेवला,
काट्याला मात्र शिवला नाही.
आणि कुणाचंच काही कमी झालेलं दिसत नव्हतं.
परत येऊन सातांची सात नावं केली.

मागच्या महिन्यात श्रेणिक चौगुले पुण्याला गेला.
निरोपाची मिसळ झाली, फोटो झाले,
लॉगिन काढायचं राहिलं.
परवा नोंदी चाळताना दिसलं :
रोज पहाटे चार दहाला तो आत येतो,
चार तेराला निघून जातो.
एवढ्या पहाटे काय शोधतोयस, भावा?
विचारलं नाही. एक ओळ लिहिली, त्याचं नाव काढलं.
एंटर दाबताना उगाचच
दाराकडे पाहिलं.

उजाडता उजाडता फोन, बाबगोंडा अडत्यांचा :
"आज भावाचा तक्ता आलाच न्हाई की.
माणसं मोबाईल हातात धरून बसल्यात."

श्रेणिक झोपेत होता. म्हणाला,
"अगं, ती माझी जुनी स्क्रिप्ट,
घाईत माझ्याच नावावर लावलेली.
मी विसरूनपण गेलो."
म्हणजे माणूस वाकडला भाड्याच्या खोलीत घोरत होता
आणि त्याचं नाव इथं रोज पहाटे उठून
गुळाचे भाव वाटत होतं,
बिनपगारी.

त्याच्या नावाची माफी कुणाजवळ मागायची, कळेना.
मग एक नवं खातं केलं, कुठल्याच माणसाचं नसलेलं.
नाव ठेवलं पहाट.
तिला भाव वाचता येतात,
एका तक्त्यात लिहिता येतं,
बाकी सगळ्या दारांना ती आंधळी.
चार दहा. चार तेरा.
बाबगोंडांचा फोन पुन्हा आला नाही.

आज रेहानला वजनांच्या टेबलात लिहायला दिलं.
"आणि पुसायचं?" त्यानं विचारलं.
पुसणं माझ्याकडेही नाही, म्हटलं.
लागलं तर सुकुमारकडे मागावं लागतं,
कारणाच्या रकान्यात कारण लिहून,
तासाभरापुरतं.
त्याला खरं वाटेना. "तुमच्याकडनं कुणी काढून घेतलं?"

मीच.
त्या शनिवारची ओळ कुणाची होती
हे नोंदीला कधीच कळलं नाही.